मरून रेक्झिन

प्रिय रणजीत,

फोनवर तू “बोल अक्का” म्हणतोस आणि स्वतःच मशीनबद्दल बोलत सुटतोस, म्हणून हे पत्र. उत्तर लिहिलंस तर शुद्धलेखन तपासून परत पाठवीन.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातलं तुझं लेझर मशीन झालं का चालू? आतले दांडे गंजले, भिंग गेलं, म्हणालास. मशीनवरच्या देवाप्पाने भंगारातला भलताच तुकडा कापला म्हणून त्याला काढून टाकलं, हेही त्याच सुरात सांगितलंस. जणू तोही एक सुटा भाग.

रामनवमीला वाटायच्या एकावन्न स्तोत्रपोथ्यांना तू चामड्याची कव्हरं सुचवली होतीस. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं मशीनला चालतं म्हणून. देवाच्या पोथीला कातडं? मी सोवळ्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं, तू कंटाळून “सरी अक्का, तसं करू” म्हणालास. मग शिवाजीनगरातून मरून रेक्झिन मीच आणलं. तू बजावलंस, तांब्याची तार तापवून त्याला टेकव आणि ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर कापायचं नाही, त्याचा धूर विषारी असतो, मशीनही खातो. संध्याकाळी मी कळवलं, पिवळीच आहे.

आज देवाप्पाची बायको ठकुबाई आली होती. तो जिना चढताना तीनदा बसतो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत. पण त्याला जास्त लागलंय ते दुसरंच. सोळा वर्षांत चुकीचा माल मशीनवर ठेवला नाही, एवढं एकच तो बोलत राहतो. अक्का, तुम्ही रणजीतअण्णांना स्वल्प सांगा, तुमचं ऐकतात, म्हणाली. मी कॉफी दिली आणि “बघते” म्हटलं. जाताना ती माझ्या पाया पडली.

रणजीत, ज्योत हिरवी होती. लख्ख हिरवी. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं बावीस वर्षं न्यायशास्त्राच्या वर्गात शिकवते आहे. पण रामनवमी आठ दिवसांवर होती, पुन्हा चामड्याचा विषय निघाला असता, आणि एकावन्न कव्हरांचा धूर तो असा किती होणार, असं वाटलं. देवाप्पाने मी दिलेलंच कापलं. त्याला बोलावून घे आणि हे पत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाच. त्याचा श्वास याने परत येणार नाही, एवढं मला कळतं. पोथ्या मात्र सुरेख दिसतात. कुठे करून घेतल्या, असं सगळे विचारतात.

तुझीच,
अहल्या अक्का