अंगठा नाही, सही

४ फेब्रुवारी

अंगठा देणार नाही. नाही म्हणजे नाही!

५ फेब्रुवारी

काल एवढंच लिहून हात भरून आला. डावा हात. उजवा मांडीवर पडून असतो, जावयासारखा — काम काही नाही, नुसती बडदास्त.

अर्धांगाचा झटका आल्यापासून दुकान बंद आहे. वह्या-पेनांचं दुकान, जन्म गेला त्यात. मुलगा म्हणतो, विकून टाकू. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण घ्यायला तयार आहे. मीही हो म्हटलं. माल उचलवत नाही, उगाच अडून कशाला बसायचं?

पण वकील माझ्यासमोर मुलाला म्हणाले, “बाईंचा अंगठा घेऊ, चालतो.” मुलाला! मी काय कपाट होते तिथे ठेवलेलं? इतकी वर्षं पेनं विकली आणि आता अंगठा लावू?

सही करीन. डाव्या हाताने करीन. महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलंय.

७ फेब्रुवारी

बॉलपेन निकामी. उजव्याने लिहिताना पेन ओढलं जायचं, डाव्याने ते ढकलावं लागतं. शाई मधेच तुटते. दाबावं तर मनगट ठणकतं. सहीच्या जागी मुंग्या चालल्यात नुसत्या.

१० फेब्रुवारी

सुनेला दुकानातून जेलपेनांचा डबा आणायला लावला. काय सुख आहे! दाबावं लागत नाही, शाई आपसूक उतरते. गिऱ्हाइकांना हे मी घोकल्यासारखं सांगायचे. खरं असतं ते आज कळलं.

हे जांभळ्याने लिहितेय. फक्त हात ओल्या शाईवरून पुढे जातो आणि लिहिलेलं सगळं फरफटतं. सून म्हणाली, आई, गालालाही लागलंय.

लागू दे.

१३ फेब्रुवारी

घरात वाजलं. घाऊकवाला न फोडलेली पाकिटंच परत घेतो, हे काय मला माहीत नाही? मी सगळी फोडली. गुलाबी, मोरपंखी, चंदेरी, चमकीवाली. एकही सोडलं नाही. मुलगा कामावरून आला आणि पलंगभर पेनं बघून डोक्याला हात लावून बसला. सहीला निळं नाहीतर काळं लागतं, चमकीवालं कशाला, म्हणाला. मी सांगितलं, रोज तेच नाव निळ्यात गिरवून वीट येतो. पोरांना नाही का येत?

मग स्वयंपाकघरात बायकोला म्हणतो, आईचं डोकं ठिकाणावर आहे ना. झटका हाताला आलाय, कानाला नाही!

चमकीवाल्याच्या टोकातली गोळी अडकते. तळहातावर घासली की सुटते. हात चकाकतोय माझा.

१७ फेब्रुवारी

आज चार रंगांचं खटक्याचं जेलपेन. अंगाने जाड, त्यामुळे मुठीत बसतं. टोक जरा डुगडुगतं, आत टिकटिक वाजतं, पण चालेल.

व्यायाम करून घ्यायला येते ती मुलगी डावखुरी निघाली! इतके दिवस माझा उजवा हात वरखाली करतेय, मी कधी तिचा हात बघितलाच नाही. म्हणाली, कागद तिरका धरा, वरचं टोक उजवीकडे, आणि हात ओळीच्या खाली ठेवा. शाळेत डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या म्हणे, तरी सोडला नाही. बरं केलंस बाई.

तसं धरलं. हिरव्यात नाव, खटका, लाल आडनाव. फरफटलं नाही! वाचता आलं. माझं नाव, मी लिहिलेलं. रडले. ती पाणी आणायला धावली, तिला वाटलं दुखतंय.

१८ फेब्रुवारी

हात सुजलाय. आज सुट्टी.

२१ फेब्रुवारी

सुनेचा हात धरून दुकानात गेले, फोडलेली पेनं तिच्या पिशवीत. आवराआवर करायची म्हणून. तिने शटर अर्धं वर केलं, मला काउंटरमागे बसवलं. पेन चालवून बघायचा जुना कागद तसाच होता, गिऱ्हाइकांनी गिरगटलेला. नवं पेन हातात आलं की माणूस पहिलं स्वतःचं नाव लिहितो. मीही लिहिलं. सगळ्या रंगांत, पानभर.

तेवढ्यात कॉलेजातली एक पोर वाकून आत आली. काहीतरी दुसरंच मागायला आली होती. माझं पान बघून विचारलं, हा मोरपंखी कुठला? मी म्हटलं, लिहून बघ. दुकान बंद झालंय असं सून सांगणार, तेवढ्यात मी तिला चिमटा काढला. डाव्या हाताने. हाताला चांगलीच ताकद आलीय! पोर तीन पेनं घेऊन गेली. मागोमाग तिच्या मैत्रिणी आल्या. आवरायचं तसंच राहिलं.

२४ फेब्रुवारी

मुलाने काळं पेन दिलं, म्हणाला, सही कर बघू. केली. त्याने कागद उचलला. आधी बायकोला दाखवला, मग शेजाऱ्यांना दाखवून आला. भलता खूश. उद्याच जाऊ वकिलांकडे, म्हणाला.

 सून रोज दुपारी दुकानात जातेय, माल उचलतेय, पेनं विकतेय, काल तिने फळीवरची पेनं रंगवार लावली. आवराआवर म्हणे! माझं जेवणात लक्ष नव्हतं. 

२५ फेब्रुवारी

वकिलांनी सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. मुलगाच म्हणाला, “आईला सही येते.” काय ऐट होती त्याच्या आवाजात! मी कोऱ्या कागदावर करून दाखवली. वकिलांनी चष्मा लावून बघितली, मान डोलावली. मग विक्रीचा कागद उघडून माझ्यासमोर ठेवला. मी पेनाला टोपण लावलं.

“येते ना सही? म्हणूनच ह्यावर करत नाही.”