संध्याकाळी ऐकणाऱ्याची नेमणूक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, व्यवसाय कीटकांवरील संशोधन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे सर म्हणतात, असा दाखला मागणाऱ्यालाच आधी तपासायला हवे. आजार पोटाचा आहे आणि तो आता मागे फिरणार नाही, हे मला स्पष्ट सांगितले गेले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. त्यात राहता फ्लॅट, बँकेतील मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी, एक सूक्ष्मदर्शक, पुस्तके, कपडे आणि भांडी येतात. दागिने नाहीत. होते ते आईने वडिलांच्या आजारपणात विकले आणि त्याबद्दल तिने आम्हा भावंडांना कधी ऐकवले नाही.

२. पुस्तके संस्थेच्या ग्रंथालयाला द्यावीत. त्यांतली दोन मुळात त्यांचीच आहेत, ती माफी मागून परत करावीत. मोठा आरसा आत्याला द्यावा. मी संशोधनाला लागले तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "पोरीला नोकरी लागली म्हणे. काय काम, तर किडे मोजायचे." आरसा देण्यामागे टोमणा नाही. तिला तो आवडतो. माझ्या डायऱ्या रद्दीत घालाव्यात. त्यांत गुपित काही नाही, बरेचसे हवामान आहे आणि उरलेल्या जागेत मनाची उलटतपासणी.

३. माझ्या एका शोधनिबंधावर स्वतःचे नाव पहिले घालणाऱ्या माजी संचालकांना मी क्षमा करावी, असे मला वाटते. प्रयत्न केला, अजून जमलेले नाही. जमले तर हे कलम खोडून शेजारी सही करीन.

४. राहता फ्लॅट मी माझ्या धाकट्या भावाला देते. तो दातांचा डॉक्टर आहे आणि या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच राहील. मात्र मागची खोली, तिच्यातील रातकिड्यांच्या सर्व डब्यांसह, माझ्या सरांच्या ताब्यात त्यांच्या हयातीपर्यंत राहील. तोवर फ्लॅट विकू नये, भाड्याने देऊ नये आणि डबे हलवू नयेत. या "मात्र"वरून घरात जे बोलणे झाले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की ताईने हे औषधांच्या गुंगीत लिहिले.

सर म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली संशोधन शिकले ते. वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी फार पूर्वी गेल्या, मूल नाही, पेन्शन नाही. रातकिड्याचे वय झाले की त्याचे गाणे कसे बदलते, हा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर धरून ठेवला. मी त्यांच्याकडे गेले ती रातकिड्यांसाठी नव्हे. वडील छापखान्यात होते, फुप्फुसे निकामी होऊन घरी बसले होते. भाऊ कॉलेजच्या उंबरठ्यावर होता. बँकेच्या परीक्षेला अवकाश होता आणि कॉलेजच्या फलकावर लागलेली शिष्यवृत्ती पहिल्या महिन्यापासून मिळणार होती. मुलाखतीत सरांनी विचारले, रातकिडेच का? मी म्हणाले, जाहिरात त्यांची होती. बाकीचे उमेदवार लहानपणापासूनच्या कुतूहलाविषयी बरेच बोलले होते. सरांनी मला घेतले आणि त्या दिवसापासून पाहुण्यांना माझी ओळख करून देऊ लागले, "ही आमची पोटार्थी. कामाला मात्र चोख."

सर ज्याला गाणे म्हणत त्याला मी किरकिर म्हणत असे. त्यावरून आमची रोजची वादावादी चाले.

पुढे संस्थेने हुकूम काढला की गाणाऱ्या किड्यांचे पुरे झाले, आता साठवणीतल्या धान्याला लागणाऱ्या किडीवर काम करा, पैसा तिथे आहे. सरांनी राजीनामा दिला. पेन्शनला थोडी वर्षे उरली होती, तरी दिला. मी राहिले आणि त्यांच्याच टेबलाशी बसून धान्यातल्या किडीवर काम करू लागले. दोन वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत. तो निर्णय मी अनेकदा उलटून पालटून पाहिला आहे. भावाचे शेवटचे वर्ष होते, आईची औषधे चालू होती. आज पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन. एवढे खात्रीने लिहूनही मन हलके होत नाही, ही नोंद असू द्यावी.

मग भाडे थकले म्हणून घरमालकाने सरांचे डबे जिन्यात आणून ठेवले. मी टेम्पो घेऊन गेले. सर माझ्याशी काही बोलले नाहीत, चालकाला मात्र म्हणाले, "सावकाश हो, माद्या अंड्यांवर आल्यात." ते तेव्हापासून मागच्या खोलीत आहेत.

भाऊ गेल्या महिन्यात आला तेव्हा म्हणाला की फ्लॅट विकू या, सरांना चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू, खर्च मी करतो. त्याच्या मनात लोभ नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. डबे तिथे घेणार नाहीत, हे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, "ताई, जन्मभर त्यांनी तुला पोटार्थी म्हटलं आणि पोसतेयस तूच त्यांना. हे कुठलं गणित?"

"तुझी फी भरली ना, त्या शिष्यवृत्तीच्या प्रत्येक महिन्याच्या कागदावर त्यांचीच सही होती, रे."

"सही करणं त्यांचं कामच होतं."

"हो. आणि हे सांभाळणं माझं."

तो रागावून उठला, पण गेला मागच्या खोलीतच. सर तेव्हा डब्यांत कोंडा आणि पाने घालत होते. त्यांनी त्याला न विचारता मदतीला घेतले. घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि त्याच्या हाताखाली कोणीही आला की तोही भाजू लागतो.

५. आता खरा प्रश्न. खोली दिली म्हणजे सरांचे भागले, असे नाही.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सर मागच्या खोलीतून बाहेर आले आणि दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, सगळे मेले, एकाही डब्यातून आवाज नाही. मी स्वयंपाकघरात होते, आणि तिथपर्यंत खोली नुसती दणाणत होती. वय झाले की आधी बारीक, उंच आवाज जातात. त्यांना माझे बोलणे ऐकू येत होते, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता, फक्त रातकिडे येत नव्हते. मी म्हणाले, "सर, गातायत." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि इतकेच विचारले, "कुठला डबा?"

त्या दिवसापासून दर संध्याकाळी मी एकेका डब्याजवळ बसते आणि कोण गातो, कोण अडखळतो, कोण गप्प आहे ते सांगते. सर लिहून घेतात. यंत्र आणले होते. ते आवाजाच्या रेषा काढते, पण इतक्या डब्यांतला नेमका कुठला, हे त्याला सांगता येत नाही. मी गेल्यावर हे कोण सांगणार?

भाऊ म्हणाला, मी येत जाईन. त्याने दवाखाना लवकर बंद केला, येऊन डब्यावर कान टेकला. इतकी वर्षे दात कोरायच्या यंत्राशेजारी काढलेला माणूस तो. बराच वेळ तसाच वाकून राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मला जाड आवाजाचे दोनच ऐकू येतात, ताई." त्या दिवशी तो जेवायला थांबला नाही.

म्हणून मी असे ठरवते. मुदत ठेव मोडू नये. तिच्या व्याजातून एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला, सर असेपर्यंत, दरमहा मानधन द्यावे. काम संध्याकाळी येऊन ऐकण्याचे. पात्रता दोनच: कान चांगले असावेत आणि पैशांची गरज असावी. विषयाची आवड आहे का, हे मुलाखतीत विचारू नये. मानधन पहिल्या महिन्यापासून, ठरल्या तारखेला द्यावे. निवड भावाने करावी, सरांनी नव्हे.

हे कलम मी सरांना मोठ्याने वाचून दाखवले. ते चिडले. म्हणाले, आवड नसलेला माणूस माझ्या खोलीत नको.

"आवड असणारे राजीनामा देतात, सर. गरज असणारा रोज येतो."

असे मी याआधी कधी त्यांना बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारले, "तुला कधीच आवडलं नाही? एकदाही?"

मी म्हणाले, विचार करून सांगते. त्याला आता आठवडा झाला. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून जे सापडले तेच लिहिते. आवड म्हणून दाखवता येईल असे काही सापडले नाही. मात्र इस्पितळात उपचारांसाठी होते तेव्हा संध्याकाळ झाली की मी शेजारच्या बाईंना बोलणे थांबवायला सांगत असे, आणि का सांगितले ते मला त्यांना समजावता येत नसे. याला काय म्हणायचे ते सरांनी ठरवावे. मी गेल्यावर त्यांनी मला जे म्हणायचे ते म्हणावे. पोटार्थी म्हटले तरी हरकत नाही.

६. सूक्ष्मदर्शक ऐकणाऱ्याला द्यावा. त्याने तो विकला तर त्याला जाब विचारू नये.

७. सरांचे हात आता थरथरतात, पाणी घालताना डबे सांडतात, कधी खायला घालायचे राहून जाते. त्यामुळे एक दिवस शेवटचा किडा गायचा थांबेल. त्या संध्याकाळीही ऐकणाऱ्याने यावे आणि सर्व डब्यांजवळ नेहमीसारखे बसून घ्यावे. सरांनी विचारले तर खरे सांगावे, "कोणी नाही, सर." सांगून लगेच उठू नये. रोज बसतात तितका वेळ बसावे, दुसऱ्या दिवशीही यावे. डबे रिकामे आहेत म्हणून मानधन थांबवू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

सही: (मी, लिहिणार)

साक्षीदार १: सही (माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर)
साक्षीदार २: सही (खालच्या मजल्यावरचे शिंपी)

सरांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला या कागदातून काही मिळते त्याची साक्ष घेत नाहीत, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०२३, संध्याकाळ