एका घोटात उमरेड

महाल, नागपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप यमुताईस,

धाकट्या चंदनचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. औषधामुळे वाकून झटकन उठलो की घेरी येते.) तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि परसातली पपई ठीक असतील. तीन वर्षांत कोणी काही कळवलं नाही, म्हणून आपलं विचारतो. कळवावं असं तोंड मी ठेवलं नव्हतं, हेही खरं.

गर्दला हात लावून सात महिने झाले. सरकारी दवाखान्यात रोज सकाळी मेथाडोनचं पातळ औषध मिळतं. ते मुग्धा सिस्टरच्या देखत गिळायचं, वर पाणी प्यायचं आणि मग काहीतरी बोलून दाखवायचं, म्हणजे औषध गालात धरून कोणी बाहेर नेत नाही ना, ते कळतं. (आम्हा मंडळींचे गाल बदनाम आहेत.) रोज नवीन काय बोलणार? मी आपल्या बंद पडलेल्या छोट्या गाडीची आठवतील ती स्टेशनं म्हणतो. इतवारी, भांडेवाडी, केंपलसाड, तितूर, कुही, उमरेड. तुझं उमरेड आलं की मी तिथेच अडखळतो आणि सिस्टर पुन्हा पाणी देतात.

या औषधाने अंगातली ती ओढ थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो. (इतवारीत कापडाच्या दुकानात ठाण उलगडतो. विणकराच्या पोराने एवढं तरी करावं.) घाम मात्र धो धो येतो. आणि पोट तुझ्यासारखं रुसून बसतं, संत्री, इसबगोल आणि रोजची रपेट यांनी हळूहळू मनवावं लागतं.

शेजारचे सत्तरीचे धोंडबा माझा सुधारलेला चेहरा पाहून भुलले. आपल्याकडे शेजाऱ्याचं औषध म्हणजे शेजाऱ्याची भाजी, वाटीभर मागायचीच. ‘माह्या गुडघ्यायले घोटभर आन ना गा,’ म्हणून महिनाभर मागे लागले होते. मी दाद देईना, तेव्हा एके सकाळी स्वतःचं फुलपात्र घेऊन आमच्या रांगेत उभे! मुग्धा सिस्टरांनी असं झापलं की रांगेतले आम्ही सगळेच ताठ झालो. सवय नसलेल्या माणसाने माझा डोस घेतला तर त्याला गाढ झोप लागते आणि श्वास मंद होत होत थांबतो; तेही काही तासांनी, घरचे ‘छान घोरतोय’ म्हणत असताना. दारू किंवा झोपेच्या गोळ्या वर घेतल्या तर माझीही तीच गत. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नाही, आणि काही दिवस चुकले तर डॉक्टर पुन्हा थोड्यापासून सुरू करतात. धोंडबांनी फुलपात्र सदऱ्यात लपवलं आणि विचारलं, ‘मंग याले काहून पाजून राहिल्या?’ तेव्हापासून रोज सकाळी तेच माझं दार वाजवतात, डोस चुकू नये म्हणून.

ताई, भाऊबीज जवळ आली. तीन वर्षांपूर्वी ज्या पितळी तबकाने तू मला ओवाळलंस, तेच मी त्याच दुपारी पिशवीत घालून विकलं. तुझ्या करंज्याही त्याच पिशवीत होत्या, त्या कुठे पडल्या तेही आठवत नाही. आता भूक लागते आणि तुझी आठवण येते. फार येते. भांड्यांची सगळी दुकानं पालथी घातली, ते तबक मिळालं नाही.

या वर्षी येत नाही म्हणून रागावू नकोस. (बोलावलं नाहीस, ते सोयीचंच झालं.)

तुझा,
चंदन

ता. क. सकाळचा डोस घेऊन बसने येईन आणि संध्याकाळी परतेन, असं जमतं. पण मला मुक्काम करायचाय. डॉक्टर दोन दिवसांचं औषध सोबत द्यायला तयार आहेत. मात्र घरच्या माणसाने इथे येऊन सही करायची, औषध कुलपाच्या पेटीत ठेवायचं आणि चावी स्वतःजवळ. धोंडबांना गळ घातली, तर म्हणाले, ‘माहाच मले भरवसा नाही गा.’ ‘घरचं माणूस’ या रकान्यात मी तुझं नाव लिहून आलोय. न विचारता लिहिलं, माफ कर.

ता. ता. क. आलीस तर चावी तांदळाच्या डब्यात ठेवू नकोस. कपाटाची चावी तू तिथेच लपवायचीस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या वेळी कुठे ठेवलीस, ते मला कळू देऊ नकोस.