नॉर्मन राजाचे कारकून आमच्या वाडीत

सिस्टर, तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जाते. गेल्या महिन्यात शाळेतल्या जुन्या मुली एव्हरशाईन सिटीत एकीच्या घरी जमल्या, तेव्हा मला चार वेळा उठावं लागलं. तुमचं अक्षर, तुमचा आवाज, इंग्लंडमधली लढाई तुम्ही फळ्यावर बाणांनी कशी दाखवायचात, सगळ्यांना सगळं आठवत होतं. आज्या झालेल्या बायका डोळे पुसत होत्या. एकीने विचारलं, तू तर त्यांची लाडकी, तू का गप्प? घसा बसलाय म्हटलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुमच्यापायी खोटं बोलते.

लाडकी होते हे खरं. सत्तरच्या दशकातली ती वर्षं, मी नववीत. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजाला पुस्तकात जेमतेम दीड पान दिलेलं होतं, तुम्ही त्यावर दोन आठवडे घालवलेत. राजाने सगळी जमीन आपली म्हणून जाहीर केली आणि सरदारांना, बिशपांना वाटून दिली. कुणीच मालक नाही, प्रत्येकजण वरच्याकडून घेऊन खालच्याला देणारा, आणि सगळ्यात खालचा नुसता कसणारा. हे समजावं म्हणून तुम्ही मला वर्गासमोर गुडघ्यावर बसवलंत, माझे जोडलेले हात आपल्या दोन तळव्यांत धरलेत आणि म्हणालात, असा माणूस आपल्या धन्याचा व्हायचा. तुमचे हात गार होते, बाहीला खळीचा वास होता. मला किती आनंद झाला होता, सिस्टर. मग तुम्ही त्या राजाच्या काळातल्या चर्चसुधारणेकडे वळलात आणि तुमचा चेहरा उजळला. नवा आर्चबिशप आला, नव्या पाद्र्यांना लग्नाची बंदी झाली, चर्चची कोर्टं वेगळी झाली, जुनी चर्चं पाडून मोठी दगडी चर्चं उभी राहिली. ‘सुधारणा म्हणजे आपलंच घर आपण झाडणं,’ असं तुम्ही म्हणालात. आपल्याकडेही तेव्हा झाडलोट चालू होतीच. चर्चमधली मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली होती, वेदी लोकांकडे वळली होती, तुमचा झगा घोट्याच्या वर आला होता.

शेवटी तुम्ही राजाच्या कारकुनांची गोष्ट सांगितलीत. ते गावोगाव फिरले, लोकांना शपथेवर विचारत गेले की ही जमीन आधी कुणाकडे होती, आता कुणाकडे आहे, नांगर किती, माणसं किती. आणि तुम्ही घरचा अभ्यास दिलात: ते कारकून आपल्या गावात आलेत असं समजा, त्यांना काय उत्तरं मिळतील ते लिहा.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसून लिहिते आहे. आय भाकऱ्या थापते आहे, बा दारात केळीच्या सोपाचे दोर वळतो आहे. मी लिहिते: ही वाडी माझ्या धर्मबापाची. कसतो माझा बाप, त्याच्या आधी आजा, त्याच्या आधी पणजा. केळीचे वाफे, पानवेली, एक विहीर. अर्धं उत्पन्न मालकाला, पावती नाही. इतकं लिहून थांबायला हवं होतं. पण कारकुनाला शपथेवर सगळं सांगायचं, असं तुम्ही शिकवलं होतंत. म्हणून मी पुढे लिहिलं, की सातबाऱ्यावर कसणाऱ्याच्या जागी दरवर्षी ‘खुद्द’ लिहितात, म्हणजे मालक स्वतः. यंदा तलाठी पीकपाहणीला येईल तेव्हा माझा बाप आपलं नाव लिहायला सांगणार आहे. तहसील कचेरीत शिपाई असलेल्या माझ्या मामाने कुळाच्या दाव्याचा फॉर्म आणून ठेवला आहे.

ही गोष्ट बा, आय, मामा आणि मी, चौघांनाच ठाऊक होती. मी ती पाचव्या माणसाला वहीत घालून दिली. त्या वाडीचा मालक, बाप्तिस्म्यात मला हातांवर धरणारा माझा धर्मबाप, तुमचा सख्खा मोठा भाऊ होता.

तुमच्या भावाला मी एकटीच धर्मकन्या नव्हते. त्याच्या वाड्या कसणाऱ्या घरांत मूल झालं की बाप्तिस्म्याला त्यालाच बोलवायचं, अशी रीत होती. आमच्या लोकांना तो मान वाटायचा. अर्धं गाव त्याची धर्मलेकरं, मग दावा लावणार कोण?

शुक्रवारी वह्या गोळा झाल्या. रविवारी मिस्सानंतर तो आमच्या ओटीवर येऊन बसला. याआधी तो कधी आला नव्हता, आम्ही त्याच्याकडे जायचो. त्याने पाणी मागितलं. मी हात जोडून आशीर्वाद मागितला, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आयला म्हणाला, पोरगी हुशार आहे, ऐकतो मी. मग बाच्याकडे वळून, अगदी हसत, ‘तुझा मेव्हणा फार धावपळ करतोय म्हणे? कचेरीतले कागद घरोघर पोचवतो.’ बा उठून उभा राहिला. त्याने नकळत हात जोडले होते. तुमच्या भावाने ते जोडलेले हात आपल्या दोन तळव्यांत धरले.

‘हिला बाप्तिस्म्याला मी धरलं. आता हिला काय सांगू, तुझ्या बापाने माझ्यावर केस टाकली?’

‘नाय,’ बा म्हणाला. ‘केस कसली.’

बुधवारी तलाठी आला. बाने सांगितलं, मी रोजाने येतो. आयने फॉर्म चुलीत घातला. सोमवारीच मला वही परत मिळाली होती, दहापैकी दहा. खाली लाल शाईत तुमची ओळ होती: ‘निरीक्षण उत्तम. पण घरातल्या गोष्टी वहीत लिहू नयेत.’ ही ओळ मी किती वर्षं किती तऱ्हांनी वाचली असेल! आधी मला ती कौतुकाची वाटली, इतकी मी बावळट. नंतर कळलं की तुम्ही मला माझा गुन्हा समजावून सांगत होतात, आणि तोही स्वतः त्याचा उपयोग करून झाल्यावर. वर्षाच्या शेवटी इतिहासाचं बक्षीस म्हणून शब्दकोश दिलात. बाने तो तुमच्याकडून दोन्ही हातांनी घेतला. तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात. ते हसू मी तुम्हाला माफ करत नाही.

पुढे मीही इतिहासच शिकवला, बत्तीस वर्षं. तुम्ही गाळलेलं सगळं वाचून काढलं. तुमचा तो सुधारक आर्चबिशप मोठा जमीनदार होता. आपल्या चर्चच्या बळकावलेल्या जमिनी परत मिळवायला तो भर मैदानात तीन दिवस खटला लढला आणि जिंकला. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं असं होणार नाही. त्याने दावा लावला तर तो हक्क, आणि माझ्या बापाने लावला असता तर पाप. तुम्ही मंडळींनी मिस्सा बदलली, वेदी फिरवली, कपडे आखूड केले. वाडी कुणाच्या नावावर, एवढंच झाडायचं राहिलं. दहा वर्षांत तुमच्या भावाने ती बिल्डरला विकली. रोजाने येणाऱ्याला काय विचारायचं? बा त्यानंतर खरंच रोजाने गेला, दुसऱ्यांच्या विहिरींवर, गुडघे साथ देईनात तोवर. विहीर बुजवली त्या दिवशी तो बघायला गेला आणि येऊन म्हणाला, बाय, गोडं पानी होतं. त्याच्या तोंडून वाडीबद्दल एवढंच.

तुमच्यावर राग धरणं मला कधी अवघड गेलं नाही. अवघड दुसरंच आहे, आणि खरं म्हणजे त्याच्यासाठी मी आज लिहायला बसले.

मेव्हणा धावपळ करतोय, हे शब्द बाने ऐकले होते. त्याला वाटलं, मामानेच कुठेतरी बसून तोंड उघडलं. मामा शपथ घेऊन सांगत राहिला, बाने त्याला ओटी चढू दिली नाही. माझ्या लग्नात मामाची खुर्ची रिकामी होती. आय स्वतःच्या भावाला भेटायची ती कुणाच्या तरी मयतालाच. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, मग वीस झाले, मग चाळीस. प्रत्येक वयात मला सांगता आलं असतं. आधी मामा गेला, मग बा. बा मामाच्या मयताला आला नाही. मी गेले, माती टाकली आणि घरी आले.

मामी अजून आहे, बोळिंजला, नातवाकडे. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. दर नाताळात मी तिच्याकडे जाते. गेल्या खेपेला तिने माझा हात धरून विचारलं, ‘तुझ्या बाला शेवटी तरी कळलं का गं, की आमच्या माणसाने काही सांगितलं नव्हतं?’ मी मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं, म्हटलं, ‘हो मामी, कळलं होतं.’

हे पत्र तिला लिहायचं होतं, सिस्टर. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.