घंगाळाची रेघ

ल्यूकन, डब्लिन
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

सात आठवड्यांत एक फोन केलास, तोही गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय ते विचारायला. पुस्तक सापडल्यावर तरी विचारायचंस, आई जिवंत आहे की थंडीनं आखडली. ज्या लेकीकडे मी आलेय त्या मुक्ताचं नाव तर तोंडातून निघालंच नाही. फोनवर तू 'बरं बरं' करून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहिते. कागद ठेवून दिलास तरी लिहिलेलं जात नाही.

चि. हेमचंद्र, आशीर्वाद. सूनबाईला, नीलिमालाही सांग. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. इथं कपाटाला प्रेस म्हणतात आणि कसंही असलं तरी ग्रँड म्हणतात. चिंच मिळते, पण वाळून दगड झालेली. मी दुसरी शिकलेली बाई, अक्षर वाकडं जातं म्हणून मुक्तानं रेघांची वही आणून दिली. वाचताना तोंड वाकडं करू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझी लेक काल डॉक्टर झाली. औषधांची नव्हे, धातूंची. अडीच तास दोन परीक्षक तिला बंद दाराआड पिळत होते आणि मी बाहेर बाकावर. दार उघडलं तर पांढऱ्या दाढीचा बाप्या स्वतः माझ्याशी हात मिळवायला आला. म्हणाला, तुमची नात ग्रँड आहे. एवढं इंग्रजी मला कळतं. मी मराठीत म्हटलं, "तांबटाची पोर आहे, ग्रँड नसेल तर काय!" मुक्तानं ते त्याला सांगितलं आणि तो खोखो हसला. आपल्या आळीत सात पिढ्या तांबं ठोकलं, पण ते का फाटतं हे कुणी साहेबांना उभं राहून सांगितलं नव्हतं. या पोरीनं सांगितलं.

काय सांगितलं ते मला माहीत आहे. मागच्या सोमवारी ती मला तिच्या कारखान्यात घेऊन गेली. ती त्याला लॅब म्हणते. दोन तांब्याच्या कांड्या, करंगळीएवढ्या. एक सरळ, दुसरीला मधोमध गोल खाच. यंत्रानं सरळ कांडी ओढली. ती लांबली, कमरेत बारीक झाली, बराच वेळ तगली, मग तुटली.

"ही आधी सांगते, मग तुटते," मुक्ता म्हणाली. "आता ही बघ."

खाचेची कांडी ओढली. लांबायचं नाव नाही. टक्कन दोन तुकडे.

"अगं, तांबं तेच ना?"

"तेच. पण खाचेपाशी त्याला बारीक व्हायचं असतं आणि दोन्ही बाजूंचं जाड अंग होऊ देत नाही. मग ते नुसतं लांबीला नाही, आडवंही ओढलं जातं. चहूबाजूंनी ओढ बसली की आत बारीक भोकं उघडतात, एकमेकांना मिळतात, आणि बाहेरून काही कळायच्या आत संपतं."

"आणि चहूबाजूंनी दाबलं तर?"

"सारखं दाबलं तर काही होत नाही आजी. तांब्याचा भरीव गोळा समुद्राच्या तळाला टाक, गोळा गोळाच राहतो. उलट आतली भोकं मिटतात."

मी म्हटलं, चहा पाज. तिला वाटलं, थंडी वाजतेय म्हणून मागितला.

हेमचंद्र, तुझ्या वडिलांच्या नावानं देवळाला द्यायचं ते मोठं घंगाळ आठवतंय? अकरा वर्षं झाली. मुक्ता सोळाची, भट्टीवर तीच होती. तू काठ बाहेर वळवायला घेतलास आणि काठाखाली हातभर फाटलं. तू सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलास, "भट्टीतनं कच्चं काढलंस! तुझ्या हाताला तांबं कळत नाही. परत हातोडीला शिवायचं नाही." ती शिवली नाही. बाहेरच्या शिक्षणाला लागली ती त्या दिवसापासून, आणि तू तिच्याशी बोलतोस ते परक्यासारखं.

पोरीनं कच्चं काढलं नव्हतं. चांगलं लाल करून नरम केलं होतं.

तू जेवायला गेला होतास. नाव घालणाऱ्याला आणायचं ठरलं होतं, सगळं झाल्यावर. मला वाटलं, त्यांचं गुरुनाथ हे नाव आपल्या हातानं घालावं. आणि मला रेघेशिवाय लिहिता येत नाही. म्हणून छिन्नी घेऊन काठाखाली रेघ मारली, सरळ यावी म्हणून दाबून मारली. 'ग' काढायच्या आत तुझी पावलं वाजली. रेघेवर काजळी फासली आणि बाजूला झाले. तू त्या रेघेवरच ओढ दिलीस. तू ओरडलास तेव्हा मी चिंच कोळत शेजारीच उभी होते. मग फाटलेला पत्रा मीच उचलून मोडीत घातला. कुणी नीट बघू नये म्हणून. रडूबिडू नको, मीही रडले नाही. गप्प बसले, ते वाईट केलं.

काल बसमध्ये तिला सांगितलं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, ते ल्यूकन येईपर्यंत. उतरल्यावर रस्त्यात थांबून विचारलं, "रेघ किती खोल होती?"

"नखाच्या जाडीएवढी."

"मग पत्रा निम्माच उरला असेल," म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. अशी आहे तुझी पोर. आधी माप विचारते, मग रागावते. रागावली आहे. रागावू दे.

एक राहिलं. परीक्षकानं तिला विचारलं होतं, धातू पहिल्यांदा कुणी शिकवला. ती म्हणाली, "बाबांनी. हातोडीचा आवाज बदलला की थांबायचं, हे त्यांनी शिकवलं." हातोडीला शिवू नको म्हणणाऱ्याचं नाव घेतलं तिनं, साहेबांसमोर.

खाली सही रेघ सोडून कोऱ्या जागेत केली आहे. वाकडी आली तर येऊ दे.

तुझी आई,
वसुधा

उत्तर मला लिहायचं नाही. मुक्ताला लिहायचं, आणि नीलिमाकडून लिहून घ्यायचं नाही. तुझ्या हातानं.