कोठारामागचं घर

११ मार्च २०१४, मंगळवार

गोठा म्हणे! तीन आठवडे चिखलात उभं राहून मोजमापं घेतली मी, आणि आज हेअर ल्यूडर्सनी, आमच्या साहेबांनी, माझ्या नकाशावर लाल पेनाने लिहिलं – 'जोड-इमारत, जनावरांसाठी'. खाली सही. विषय संपला.

त्या शेतघराचा एकूण एक खांब या माणसाला पाठ आहे. मोठं घर १६६४ चं, दारावरच्या तुळईत साल कोरलेलं. मागच्या खोल्या सव्वाशे वर्षांनी जोडलेल्या. दर्शनी विटांची भिंत १८९१ ची, तीही बहुधा शेजाऱ्याला दाखवायला! प्रत्येक टप्प्यावर साहेबांनी एकेक प्रकरण लिहिलंय. आणि कोठारामागच्या त्या बुटक्या घराला दीड ओळ.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मालक मायनेके यांना तिथे लग्नाचा हॉल काढायचाय, गाड्या लावायला जागा हवीय. गोठा ठरला तर पाडता येतो. माणसांचं घर ठरलं तर डेंकमालाम्ट, म्हणजे जुन्या वास्तूंचं सरकारी खातं, हात लावू देणार नाही. आमचा अहवाल जे म्हणेल तेच ते मानणार.

१३ मार्च

पुन्हा गेले. हॅनोव्हरहून एस-बान, म्हणजे इथली लोकल, मग बस, मग वीस मिनिटं पायी. आतल्या तुळयांना काजळी आहे, बोट लावलं की काळं होतं. खिडकीला आतून कडी. गाई चूल पेटवून कडी लावून झोपायच्या का?

शिवाय मागे, उकिरड्याच्याही पलीकडे, वेगळी विहीर! मोठ्या घराची विहीर अंगणात, दारासमोर. ही लांब, एकटी. बघितल्याबरोबर माझं डोकं फिरलं. वेगळी विहीर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

१४ मार्च

बोलले मीटिंगमध्ये. वेगळं पाणी म्हणजे वेगळी ठेवलेली माणसं, असं सरळ म्हणाले. ल्यूडर्स हसले.

"फ्राऊ गजभिये, तुमच्याकडचं इथे शोधू नका."

बाकीचे कॉफीच्या कपात बघत बसले. चार वर्षं झाली या ऑफिसात. माझं आडनाव यांना अजून धड म्हणता येत नाही, पण माझ्याकडचं काय आणि इथलं काय, ते मात्र बरोबर कळतं!

घरी येऊन भांडी आपटली. धम्मदीपा जर्मनमध्ये म्हणाली, आई, आवाज होतोय. होऊ दे.

१९ मार्च

तोंडावर आपटले. गावाच्या दप्तरात नोंद मिळाली. ती विहीर १९०८ ला गुरांसाठी खणलेली. माणसांचा संबंध नाही.

लाज वाटली. ल्यूडर्सना मीच जाऊन सांगितलं, कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच म्हणाले, आणि चेहऱ्यावर ते समाधान! पण काजळी? कडी? एक चुकलं म्हणून सगळंच सोडून देईन असं वाटत असेल, तर मला ओळखलं नाही यांनी.

२७ मार्च

सापडल्या! त्या घरात जन्मलेल्या बाई. फ्राऊ टीट्झ, वय ब्याऐंशी, त्याच गावच्या वृद्धाश्रमात राहतात. बेकरीतल्या बाईंनी नाव सांगितलं.

दोन तास बसले त्यांच्याजवळ. वडील मायनेकेंच्या आजोबांकडे शेतमजूर. राहायला ते घर, बदल्यात वर्षभर राबायचं. एका खोलीत सातजण. चूल मधोमध. मी पाण्याचं विचारलं. म्हणाल्या, अंगणातल्याच विहिरीचं.

"आधी त्यांचं भरून व्हायचं. मग आमचं."

घ्या! विहीर एकच, आणि तरीही. हे ल्यूडर्सना कुठल्या दप्तरात सापडलं असतं?

बाई स्वतःही त्या घराला 'श्टाल' म्हणतात. गोठा. मी दरवेळी सुधारत होते, नाही फ्राऊ टीट्झ, घर, राहतं घर. त्या "या, या", म्हणजे 'हो, हो', म्हणायच्या आणि पुढच्या वाक्यात पुन्हा श्टाल. साऱ्या आयुष्याची सवय! मला रडू येईल असं वाटलं. सगळं लिहून त्यांची सही घेतली. लगेच केली त्यांनी, कशासाठी ते एकदाही न विचारता.

३१ मार्च

ल्यूडर्सनी जबाब वाचला, दोनदा. आता लाल पेन कुठे गेलं?

१२ एप्रिल, शनिवार

जयंतीचा कार्यक्रम, इथल्या सोयीने दोन दिवस आधी. जेवताना मी ज्याला त्याला या घराचीच गोष्ट सांगत होते. माझा नवरा, यशपाल, म्हणाला, लोकांना खीर तरी खाऊ दे.

अकोल्याला बाबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ते घर पावसात गळायचं का? एवढंच! त्यांचा जन्म गावाच्या टोकाच्या वस्तीत झाला, ती जागा मला त्यांनी कधी दाखवली नाही. बस सोयीची नाही म्हणतात. आज मी जरा रागातच बोलले की तुमच्या त्या घराचाही नकाशा कुणीतरी काढून ठेवायला हवा होता. त्यांनी धम्मदीपाच्या शाळेचं विचारलं.

६ मे, मंगळवार

जिंकले!! खात्याचा निकाल आला. संपूर्ण शेतघर संरक्षित, कोठारामागच्या राहत्या घरासह. पाडायला कायमची मनाई. काजळीचा उल्लेख आहे, पण मुख्य आधार फ्राऊ टीट्झ यांच्या जबाबाचा. अंतिम अहवालावर ल्यूडर्सनी गेल्या महिन्यातच माझ्याकडे न बघता सही केली होती. 'राहतं घर' – छापील अक्षरांत!

परवा जाऊन बाईंना स्वतः सांगणार. केक घेऊन.

८ मे

सांगितलं. केक तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "पाडायला मायनेकेला मीच सांगितलं होतं. सात वर्षं मी त्याच्या मागे लागले होते. माझी आई आणि धाकटा भाऊ त्या श्टालमध्ये थंडीने गेले."

पाडायच्या आधी सगळं लिहून ठेवतात, त्यासाठीच मी आले असं त्यांना वाटलं होतं. म्हणून सही केली.

माणसं किती, चूल कुठे, पाणी कुठलं – सगळं विचारलं मी त्यांना. काय हवंय ते विचारलं नाही.