परवानगीची पायरी

२ ऑक्टोबर

आज रुजू झालो. टेक्निकल रायटर! आईला फोन केला, तर म्हणाली, म्हणजे नक्की काय करणार रे वर्न? घरं तापवायच्या भट्ट्यांच्या माहितीपुस्तिका लिहिणार, म्हटलं. ती म्हणाली, अगं बाई, त्या तर आपण न उघडताच फेकतो.

उभा जन्म ओहायोच्या तळघरांत भट्ट्या दुरुस्त करत सरपटलो. आता खुर्ची, खिडकी, गरम कॉफी. फोनवर बसणारी लोरेटा भोपळ्याचे डोनट घेऊन आली आणि एका दमात सगळ्या ऑफिसची कुंडली मांडून गेली.

९ ऑक्टोबर

पुस्तिका तपासतो ड्वेन, इंजिनियर. त्याच्या सहीशिवाय छापखान्यात पान जात नाही. माझे कान तिखट. पानं उलटल्याचा आवाज आलाच नाही, आला तो फक्त पेनाचा. झकास लिहिलंयस गड्या, म्हणाला.

लोरेटा म्हणते, तपासणारा वाचतो की नाही ते बघायला मध्येच एखादं खुळं वाक्य पेरायचं, ही या धंद्याची जुनी खोड. पकडलं की हसायचं नि काढून टाकायचं. पुढच्या पुस्तिकेत मीही पेरलं: ‘भट्टी पेटवण्यापूर्वी झाकणावर टकटक करून आत राहणाऱ्याची परवानगी घ्यावी.’

१४ ऑक्टोबर

ड्वेनने सही केली आणि परस्पर छापायला धाडलं. नोकरी लागली नाही तोच जाणार! लोरेटा पोट धरून हसली. वाचतंय कोण मेलं, म्हणाली.

२० ऑक्टोबर

थंडी पडली, भट्ट्या पेटू लागल्या. सकाळीच एका आजीबाईंचा फोन: टकटक केली, पण तो नाही म्हणतोय, आता काय करू? लोरेटाला वाटलं थट्टा. मग तसलेच फोन दुपारभर. एकाची तक्रार होती, परवानगी मिळाली, पण फारच उद्धटपणे.

२४ ऑक्टोबर

आता आतला फोन करणाऱ्यांकरवी निरोप धाडतो. चौथ्या पानावर धोक्याची सूचना पायरीच्या आधी हवी, म्हणे. बरोबर आहे त्याचं. इतकं बारकाईने मला आजवर कुणी वाचलेलं नाही.

शिवाय विचारतो, हे लिहिलं कुणी?

लोरेटाने माझं नाव सांगितलं. फोनवरच्या बाईची पोरं गारठली होती रे, नाव कळल्याशिवाय तो पेटवू देईना, म्हणाली, मी तरी काय करू!

२९ ऑक्टोबर

ऑफिसच्या तळघरातल्या भट्टीवर टकटक. आतून.

ते वाक्य वगळून पान नव्याने लिहिलंय. पण ड्वेन शिकारीला गेलाय, आणि सहीशिवाय —

३१ ऑक्टोबर

हॅलोविन. सगळे सोंगं घेऊन आलेत. ड्वेन गाय झालाय. तळघरातून एकजण वर आला, नखशिखांत काजळी. टाळ्यांचा कडकडाट. लोरेटाने त्याला पहिलं बक्षीस दिलं, आणि हात भाजला तिचा —

माझ्यासमोर बसलाय. विचारतो, परवानगी दिल्यावर मी जायचं कुठे? ती पायरीच लिहिलेली नाही.

खरंच नाही.

लगेच लिहिली: ‘परवानगी दिल्यावर आतल्याने भट्टीत परत जावे.’ त्याने वाचली. मान डोलावली. माझं पेन मागून घेतलं, खाली काहीतरी जोडलं, पेन परत दिलं, आणि कागद घेऊन ड्वेनकडे —

मी ओरडतोय, ड्वेन, वाच! आधी वाच रे! तो म्हणतो, पार्टी चाललीय लेका —

पेनाचा आवाज.

कागद माझ्यापुढे. सही ओली. ‘जाताना लेखकाला सोबत न्यावे. लेखकाने हातातले पेन खाली ठे